हल्लेखोरही तेच वाचतात, मग माहिती खुली का ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सुरक्षा टीममध्ये नवीन आहे. इथले अनुभवी लोक सुरक्षा-त्रुटींची आणि हल्ल्यांच्या खुणांची माहिती ठेवणाऱ्या सीव्हीई, केईव्ही, मिस्प, सिग्मा असल्या खुल्या भांडारांवर दिवसभर असतात. ही माहिती हल्लेखोरांनाही जशीच्या तशी मिळते. शिवाय आमची कंपनी एका व्यापारी थ्रेट फीडला (हल्ल्यांशी जोडलेल्या पत्त्यांची आणि फाइलींची सतत येणारी यादी) भरपूर पैसे मोजते. असं असताना फुकटच्या, कुणीही भर घालू शकेल अशा डेटावर एवढी भिस्त का?"

‘फुकट’ या शब्दापासून सुरुवात करते. खुल्या डेटाला परवाना शुल्क नसतं, एवढंच. तो आणायला, गाळायला, आपल्या यंत्रणेत बसवायला आणि शिळा झाला की काढून टाकायला माणसं लागतात, आणि ती पगारी असतात. केवळ खर्च वाचवायचा म्हणून खुल्या फीडकडे वळलेल्या टीम मी पाहिल्या आहेत. थोड्याच महिन्यांत अलर्टच्या ढिगाऱ्याखाली दबून त्यांनी तो नाद सोडला. जे टिकून राहतात त्यांचं कारण निराळं असतं आणि पहिल्यांदा ऐकताना ते उलटं वाटतं: खुल्या डेटातल्या चुका आपल्याला दिसतात. बंद डेटातही चुका असतातच, पण त्या कळतात त्या आपलं नुकसान झाल्यावर.

पण आधी नावांची गोष्ट, कारण हे सगळं नावांपासून सुरू झालं.

१९९९ पूर्वी एकाच सुरक्षा-त्रुटीला प्रत्येक उत्पादनात वेगळं नाव असे. स्कॅनर एका नावाने ओळखायचा, घुसखोरी पकडणारी यंत्रणा दुसऱ्या, आणि सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी आपल्या पत्रकात तिसऱ्याच. दोन अहवाल शेजारी ठेवले तर एकूण त्रुटी किती हेच सांगता येत नसे. जानेवारी १९९९ मध्ये मायटर या संस्थेतल्या डेव्हिड मॅन आणि स्टीव्हन क्रिस्टी यांनी पर्ड्यू विद्यापीठातल्या एका कार्यशाळेत यावर उपाय मांडला: सगळ्यांनी वापरावी अशी एकच सामायिक यादी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२१ नोंदींसह ती जाहीर झाली. हीच आजची सीव्हीई.

मी या कामात आले तेव्हा सीव्हीई रुळली होती, पण सगळ्यांच्या अंगवळणी पडली नव्हती. माझ्या पहिल्याच मोठ्या तपासणीत दोन स्कॅनर चालवले होते. एकाचा अहवाल दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट लांब. मला वाटलं, पहिला जास्त हुशार आहे. मग तीन दिवस एक्सेलमध्ये ओळीला ओळ जुळवत बसल्यावर कळलं की लांब अहवालात एकच त्रुटी चार-चार नावांनी आली होती, आणि छोट्या अहवालातल्या काही खरोखर गंभीर गोष्टी त्यात नव्हत्याच. ते तीन दिवस सुरक्षेचं काम असं काही झालं नाही, नुसती कारकुनी झाली. सामायिक भांडारं का वापरतात याचं माझं पहिलं उत्तर तिथे आहे: ती कारकुनी कुणीतरी एकदाच करून ठेवलेली असते.

सीव्हीईच्या नोंदीत पूर्वी फारसं काही नसायचं. एक क्रमांक, दोन-चार ओळींचं वर्णन, काही दुवे. नवख्यांना वाटतं की भांडाराची किंमत त्यातल्या तपशिलांवर ठरते. तसं नाही. तो क्रमांक म्हणजे वेगवेगळ्या तक्त्यांना जोडणारी किल्ली आहे. पॅचचं (त्रुटी दुरुस्त करणाऱ्या अपडेटचं) पत्रक, स्कॅनरचा निष्कर्ष, फायरवॉलचा नियम, घटनेचा अहवाल, सगळ्यांत तोच क्रमांक असला की एका क्वेरीत उत्तर मिळतं. सीव्हीई-२०१४-०१६० म्हटलं की हार्टब्लीड ही गाजलेली त्रुटी. ते कोणत्याही देशातल्या, कोणतंही उत्पादन वापरणाऱ्या माणसाला सारखंच कळतं. गंमत म्हणजे या क्रमांकाचा शेवटचा भाग सुरुवातीला चारच अंकी होता. वर्षाला ९,९९९ त्रुटी पुरे होतील असं वाटलं असावं. २०१४ पासून ती मर्यादा काढावी लागली, आणि २०२४ या एका वर्षात सुमारे ४० हजार नोंदी झाल्या.

आता तुमचा मुख्य आक्षेप: हल्लेखोरही वाचतात. हो, वाचतात, आणि आपल्याआधी वाचतात. पण माहिती लपवल्याने कुणाचं किती बिघडतं ते बघा. हल्लेखोराला एकच भोक पुरतं. ते शोधायला त्याला सार्वजनिक यादीची गरजही नसते. पॅच बाहेर आला की जुनी आणि नवी फाइल ताडून पाहिली की काय दुरुस्त झालं ते कळतं, आणि हे काम जमणारे लोक त्यांच्याकडे आहेत. बचाव करणाऱ्याला मात्र आपल्याकडची सगळी भोकं माहीत असावी लागतात आणि त्यासाठी पूर्ण यादीच हवी. त्यात बहुतेक संस्थांकडे पॅच उलगडून पाहणारी माणसं नसतात. यादी बंद केली तर हल्लेखोराचे काही तास जातील. लहान संस्थेतल्या एकट्या सिस्टीम अ‍ॅडमिनच्या हातातलं मात्र सगळंच जाईल.

वॉनाक्राय (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) हे याचं उदाहरण आहे, पण लोक ते उलट्या बाजूने सांगतात. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला पॅच दिला. एप्रिलमध्ये शॅडो ब्रोकर्स या गटाने त्या त्रुटीवर चालणारं इटर्नलब्लू हे हल्ल्याचं हत्यार जगजाहीर केलं. १२ मे ला वॉनाक्राय पसरला. म्हणजे पॅच हातात असून जवळपास दोन महिने गेले होते. एवढा अवधी असताना पॅच न लावणाऱ्यांना माहिती खुली असण्याने नडलं नव्हतं. आपल्याकडे कुठली यंत्रं आहेत, त्यांतली कुठली जुनी आहेत, कुठल्या यंत्रांना हात लावायची परवानगी नाही, हेच अनेकांना ठाऊक नव्हतं.

तरीही "सगळं, लगेच, सगळ्यांना" असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. त्रुटी सापडल्यापासून पॅच निघेपर्यंतचा काळ नाजूक असतो. म्हणून आधी उत्पादकाला कळवायचं, ठरावीक मुदत द्यायची आणि मग जाहीर करायचं, अशी रीत आहे. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोची ९० दिवसांची मुदत त्यातली सर्वांत परिचित. चालतं हत्यार पहिल्याच दिवशी खुल्या भांडारात टाकणाऱ्यांशी माझे वाद झाले आहेत आणि पुढेही होतील. माझं मत असं की त्रुटीची ओळख, बाधित आवृत्त्या आणि पकडण्याचा नियम ताबडतोब खुला असावा. हत्यार थोडं थांबू शकतं.

खुल्या भांडाराचं मोल मला खऱ्या अर्थाने कळलं ते डिसेंबर २०२१ मध्ये. लॉग४शेल, सीव्हीई-२०२१-४४२२८, गंभीरता १० पैकी १०. अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा टीममधल्या चेन झाओजुन यांनी ती २४ नोव्हेंबरला अपाचे संस्थेला कळवली होती. ९ डिसेंबरला ती जगजाहीर झाली. त्रुटी समजायला सोपी होती. लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या कामकाजाच्या नोंदींत) एक विशिष्ट मजकूर आला की लॉग४जे ही लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, बाहेरच्या सर्व्हरशी बोलायला जायची आणि तिथून आलेला कोड चालवायची. अडचण होती ती पुढची. ही लायब्ररी आमच्या नेमक्या कुठल्या उत्पादनात दडली आहे? आम्ही स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमचं उत्तर दोन दिवसांत मिळालं. पण विकत घेतलेली शेकडो उत्पादनं होती आणि त्यांच्या पोटात काय आहे ते फक्त विक्रेत्यांना माहीत होतं.

त्या आठवड्यात विक्रेत्यांची पत्रकं वाचणं हे एक स्वतंत्र काम होऊन बसलं होतं. कुणाचं पत्रक सार्वजनिक पानावर, कुणाचं लॉगिन केल्यावरच दिसणारं, कुणाचं पीडीएफमध्ये, तर कुणी नुसतं "आम्ही तपास करत आहोत" एवढंच लिहिलेलं. त्यात पॅचही बदलत होते. २.१५ आली, ती अपुरी निघाली, म्हणून २.१६, मग २.१७. दहाएक दिवसांत तीनदा. आदल्या दिवशी "दुरुस्त" म्हणून हिरवं केलेलं खोकं दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

नेदरलँड्सच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने तेव्हा गिटहबवर एक भांडार उघडलं. कल्पना अगदी साधी: उत्पादनांची यादी, प्रत्येकापुढे आवृत्ती, स्थिती आणि विक्रेत्याच्या मूळ निवेदनाचा दुवा. स्थिती मोजक्या शब्दांत: बाधित, दुरुस्त, तात्पुरता उपाय उपलब्ध, बाधित नाही, तपास सुरू. जगभरातून लोक ओळी पाठवत होते आणि केंद्राचे लोक तपासून आत घेत होते. आम्हीही आमच्या विक्रेत्यांकडून मिळालेल्या उत्तरांपैकी जी सार्वजनिक होती ती पाठवली. त्या बदल्यात आम्हाला हजारो उत्पादनांची माहिती मिळाली. आमच्या मालमत्तेच्या यादीशी ती जोडणारी स्क्रिप्ट एका सहकाऱ्याने एका संध्याकाळी लिहिली. आमची व्यापारी फीड त्या आठवड्यात काय देत होती? हल्ला करणाऱ्या आयपी पत्त्यांची यादी. सगळं जगच स्कॅन करत असताना त्या यादीचा उपयोग शून्य.

एक बारीक गोष्ट नोंदवते. त्या भांडारातही चुका होत्या. एका उत्पादनापुढे "बाधित नाही" असं लिहिलं होतं आणि आमच्या माहितीप्रमाणे एक जुनी आवृत्ती बाधित होती. दुवा होताच, मूळ निवेदन उघडलं तर ते फक्त नव्या आवृत्तीबद्दल होतं. दुरुस्ती पाठवली. चूक कुठून आली, कधी आली, कुणी बदलली, सगळं इतिहासात दिसत होतं. चुका दिसतात म्हणाले ते हेच.

याच्या उलट अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी आम्ही एक विकतची फीड थेट फायरवॉलला जोडली होती. तिच्यातला पत्ता आला की आपोआप ब्लॉक. एके सकाळी अर्धी कंपनी इंटरनेटवरून गायब. तासाभराने कळलं की फीडमध्ये एका मोठ्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता "दुष्ट" म्हणून आला होता. का आला असेल? असं होण्याची पद्धत ठरलेली आहे. मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, सँडबॉक्स या बंदिस्त चाचणी-यंत्रात चालवतात. ते आधी इंटरनेट आहे का हे बघायला एखाद्या सुप्रसिद्ध पत्त्याशी बोलतं. मालवेअर ज्या-ज्या पत्त्यांशी बोललं ते सगळे काढून घेणारा प्रोग्रॅम हाही उचलतो. आणि कुणी माणूस न बघता तो फीडमध्ये जातो. आम्ही विक्रेत्याला विचारलं, हा पत्ता कशाच्या आधारे घातला? उत्तर आलं की स्रोत गोपनीय आहे. पत्ता दोन दिवसांनी निघाला. आणखी कुठले चुकीचे पत्ते त्यात होते ते आजतागायत मला माहीत नाही. माझीही चूक होतीच. कुठलीही फीड, खुली वा बंद, थेट ब्लॉकला जोडायची नसते, हे तोवर मला कळायला हवं होतं.

नेमक्या याच दुखण्यावर मिस्प या हल्ल्यांच्या खुणांची देवाणघेवाण करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरच्या समुदायाने वॉर्निंगलिस्ट नावाच्या खुल्या याद्या बनवल्या आहेत. सार्वजनिक डीएनएस, मोठ्या क्लाउड कंपन्यांचे पत्ते, लोकप्रिय संकेतस्थळं, रिकाम्या फाइलचा हॅश (फाइलवरून गणिताने काढलेला ठसा), अशा गोष्टी त्यांत असतात. तुमच्या फीडमधला एखादा पत्ता यादीशी जुळला की सूचना मिळते: हा ब्लॉक करण्याआधी दोनदा बघा. म्हणजे एकाने खाल्लेला मार पुढच्याला वाचवायला वापरला जातो. आमच्या त्या सकाळनंतर मी पहिलं काम केलं ते या याद्या विकतच्या फीडवर चालवण्याचं. जे निघालं त्यावरून करार वाढवायचा नाही असं ठरलं.

मिस्पचा जन्मही असाच वैतागातून झाला. २०११ मध्ये बेल्जियमच्या संरक्षण दलात काम करणाऱ्या क्रिस्तोफ वांदेप्लास यांना हल्ल्यांच्या खुणा ईमेलमध्ये आणि पीडीएफमध्ये येण्याचा कंटाळा आला होता. माणूस वाचेल, पण यंत्राला काय? पुढे नाटो आणि लक्झेंबर्गमधली सर्कल ही संस्था त्यात आली आणि आज तो जगभर वापरला जातो. पीडीएफमधून हॅश कॉपी करताना ओळ तुटून अर्धाच हॅश चिकटल्याचा अनुभव ज्याने घेतलाय त्याला या प्रकल्पाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही.

चुकीच्या खुल्या डेटाचं सर्वांत चर्चित उदाहरण कर्लचं (इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या खुल्या प्रोग्रॅमचं) आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अचानक सीव्हीई-२०२०-१९९०९ अशी नोंद आली. कर्लच्या एका पर्यायात, पुन्हा प्रयत्न करण्याआधी किती थांबायचं ते सांगणाऱ्या, फार मोठी संख्या दिली तर गणित चुकायचं. साधा बग, २०१९ मध्येच दुरुस्त झालेला. पण अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या एनव्हीडी या भांडाराने त्याला १० पैकी ९.८ गंभीरता दिली. कर्लचे कर्ते डॅनिएल स्टेनबर्ग चिडले, जाहीरपणे लिहिलं, आणि पुढे तो आकडा ३.३ वर आला. जानेवारी २०२४ मध्ये कर्ल प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक देणारा अधिकृत घटक झाला. पुढच्याच महिन्यात लिनक्स कर्नलनेही तेच केलं. ‘बघा, खुला डेटा किती बेभरवशाचा’ म्हणून हे उदाहरण मला अनेकदा ऐकवलं जातं. मला त्यात भरवसाच दिसतो. चूक झाली, ज्याला खरं माहीत होतं त्याला ती दिसली, त्याने आरडाओरडा केला, आकडा बदलला, व्यवस्थाही थोडी बदलली. विकतच्या फीडमध्ये असाच ९.८ असता तर स्टेनबर्ग यांना त्याचा पत्ताही लागला नसता, आणि आपण रात्री बसून कर्ल पॅच करत राहिलो असतो.

आमच्या वाट्यालाही असं एक छोटं प्रकरण आलं. एका लायब्ररीच्या नोंदीत "या आवृत्तीच्या आधीच्या सगळ्या बाधित" असं होतं. प्रत्यक्षात जुन्या शाखेतही दुरुस्ती मागाहून घातली गेली होती आणि आम्ही तीच शाखा वापरत होतो. त्यामुळे आमच्या प्रत्येक बिल्डवर लाल शेरा. प्रोग्रॅमर वैतागले, मग त्यांनी स्कॅनरकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली. हे सगळ्यांत वाईट, कारण नंतर खरा इशाराही कुणी बघत नाही. आम्ही स्कॅनरमध्ये अपवाद घालू शकलो असतो. त्याऐवजी गिटहबच्या अ‍ॅडव्हायजरी डेटाबेसला दुरुस्ती सुचवली, मूळ कोडमधल्या बदलाचा दुवा देऊन. २०२२ पासून तिथे बाहेरच्या कुणालाही सूचना पाठवता येते. काही दिवसांत ती मान्य झाली. मग आमचाच नव्हे, त्या डेटावर चालणारा दुसऱ्या कंपनीचा स्कॅनरही शांत झाला. एकदा केलेली दुरुस्ती अशी वाहत जाते. अपवाद आमच्या भिंतीआडच राहिला असता आणि पुढच्या वर्षी कुणालाच आठवला नसता की तो का घातला होता.

वर्षाला ४० हजार त्रुटी म्हटल्यावर पहिलं काय दुरुस्त करायचं हा प्रश्न उरतोच. इथे दोन खुले स्रोत रोजच्या वापरात असतात. अमेरिकेच्या सिसा या संस्थेची केईव्ही ही यादी नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. ज्या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात असल्याचा पुरावा आहे आणि ज्यावर करता येण्याजोगा उपाय आहे, तीच तिच्यात येते. ती तिथल्या सरकारी खात्यांना बंधनकारक आहे, पण आपण सगळे ती आपणहून वापरतो. दुसरा ईपीएसएस: येत्या ३० दिवसांत या त्रुटीवर हल्ल्याचे प्रयत्न होण्याची शक्यता किती, ते शून्य ते एक या आकड्यात, रोज ताजं. दोन्हींचा मला होणारा खरा फायदा बैठकीत दिसतो. "ही गंभीर आहे" असं मी म्हटलं तर सर्व्हर सांभाळणारा म्हणतो, तुमच्यासाठी सगळंच गंभीर असतं. यादी दोघांसमोर उघडी असली की भांडण माझ्या मताशी राहत नाही. अर्थात यादीत नाही म्हणजे निर्धोक असा अर्थ काढू नका. पुरावा मिळेपर्यंत कुणाचं तरी घर फुटलेलं असतंच.

पकडण्याच्या नियमांबद्दल थोडक्यात. सिग्मा हा फ्लोरियन रोथ आणि थॉमस पात्झके यांनी सुरू केलेला प्रकल्प. लॉगमध्ये काय शोधायचं ते एका तटस्थ स्वरूपात लिहायचं आणि आपल्याकडच्या सीमच्या (सगळे लॉग एकत्र करून इशारे देणाऱ्या यंत्रणेच्या) भाषेत रूपांतर करून घ्यायचं. मालवेअर ओळखण्यासाठी यारा, हल्ल्याच्या पद्धतींना नावं देण्यासाठी मायटरचं अटॅक. आमच्याकडे सीम बदलला तेव्हा जुन्या उत्पादनात लिहिलेले नियम अक्षरशः हाताने पुन्हा लिहावे लागले. सिग्मात असलेले एका दिवसात आले. नोकरी बदलणाऱ्याचंही तसंच. अटॅकमधला टी१००३ म्हणजे यंत्रातून पासवर्ड आणि त्यांचे हॅश खरवडून काढणं, हे मला माहीत असेल तर नव्या टीमच्या पहिल्याच बैठकीत मी बोलू शकते. एका विक्रेत्याच्या खासगी परिभाषेत वाढलेल्या माणसाला आधी सहा महिने भाषाच विसरावी लागते. सगळे नियम उचलून चालू करू नका मात्र. आधी महिन्याभराच्या जुन्या लॉगवर चालवून बघा. निम्मे तरी तुमच्या अ‍ॅडमिनच्या रोजच्या कामावरच भुंकतील.

आता घेणं झालं, देण्याचं काय? आपली माहिती बाहेर द्यायला कंपन्या कचरतात आणि त्यांचं भय अगदीच खोटं नाही. माझ्याकडून एकदा हे झालं आहे: एका घटनेतल्या खुणा मिस्पवर टाकताना लॉगचा एक तुकडा तसाच चिकटवला आणि त्यात आमच्या आतल्या सर्व्हरचं नाव होतं, ज्यावरून कंपनी सहज ओळखू येत होती. गट विश्वासातला होता, दहा मिनिटांत काढलं, पण ती दहा मिनिटं मला आठवतात. तेव्हापासून दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही. माहिती किती दूर जाऊ द्यायची ते ठरवायला टीएलपी या संकेताचे रंग आहेत: लाल म्हणजे ज्याला सांगितलं त्याच्यापुरतं, मग अंबर, हिरवा, आणि २०२२ च्या आवृत्तीपासून पांढऱ्याच्या जागी क्लिअर, म्हणजे कुणालाही. संशयित फाइल सार्वजनिक तपासणी सेवेवर चढवणं हेही देणंच आहे, हे अनेकांना उमगत नाही. त्या फाइलमध्ये ग्राहकांची यादी असली तर ती तुम्ही जगाला दिलीत. शंका असेल तर आधी नुसता हॅश शोधा.

खुलेपणा आणि गुप्तता यांची सांगड कशी घालावी याचा माझा आवडता नमुना ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या सेवेत आहे. तुमचा पासवर्ड फुटलेल्यांत आहे का हे बघायला तो पाठवावा लागत नाही. त्याचा एसएचए-१ हॅश काढायचा आणि त्याच्या ४० अक्षरांपैकी फक्त पहिली पाच पाठवायची. त्या पाचांनी सुरू होणाऱ्या सगळ्या हॅशचे उरलेले भाग परत येतात, जुळणी आपल्याच यंत्रावर होते. सेवेला कळतच नाही तुम्ही कुठला शोधत होता.

दुसऱ्या कुणाच्या भांडारावर उभं राहण्यात धोका आहे, तो लपवत नाही. ओएसव्हीडीबी हे त्रुटींचं खुलं भांडार स्वयंसेवकांनी अनेक वर्षं चालवलं आणि एप्रिल २०१६ मध्ये ते बंद झालं. वापरणारे पुष्कळ, हात लावणारे मोजके. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनव्हीडीचं नोंदींना तपशील जोडण्याचं काम एकदम मंदावलं आणि त्यावर डोळे मिटून अवलंबून असलेले स्कॅनर आंधळे झाले. एप्रिल २०२५ मध्ये तर मायटरचा सीव्हीई चालवण्याचा सरकारी करार १६ तारखेला संपतोय हे आदल्या दिवशी जगाला कळलं. सिसाने ११ महिन्यांची मुदतवाढ दिली, पण त्या चोवीस तासांत सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. पुढच्याच महिन्यात युरोपीय संघाच्या एनिसा या सायबर सुरक्षा संस्थेने स्वतःचा त्रुटींचा डेटाबेस सुरू केला.

त्या रात्री आम्ही काय केलं? सीव्हीईची पूर्ण यादी गिटहबवर आहे, तिची आमच्याकडची प्रत ताजी करून घेतली. एवढंच. पण विक्रेता बुडाला तर तेवढंही करता येत नाही. करार संपला की डेटाही गेला. म्हणून ज्या भांडारावर रोजचं काम चालतं त्याची स्थानिक प्रत ठेवा, आणि एकाच स्रोतावर विसंबू नका. मुक्त सॉफ्टवेअरच्या पॅकेजसाठी गूगलने २०२१ मध्ये सुरू केलेलं ओएसव्ही मला एनव्हीडीपेक्षा नेमकं वाटतं, कारण बाधित आवृत्त्या यंत्राला कळतील अशा दिलेल्या असतात. विकत घेतलेल्या बंद उत्पादनांसाठी ते पुरणार नाही. परवानाही वाचा, "खुलं" म्हटलेल्या काही फीड व्यावसायिक वापराला बंदी घालतात.

तुमची विकतची फीड बंद करा असं मी म्हणणार नाही. एखाद्या विशिष्ट गटाचा महिनोन्महिने पाठलाग करून लिहिलेला अहवाल, बंद गुन्हेगारी अड्ड्यांवर काय विकायला आलंय याची खबर, आणि रात्री दोनला फोन उचलणारा माणूस, हे खुल्या भांडारात मिळत नाही. त्यासाठी पैसे द्यावेत. पण जे पत्ते आणि हॅश तुम्हाला फीड म्हणून येतात, त्यांतले किती तुमच्या खुल्या स्रोतांत आधीच होते ते एकदा मोजा. गेल्या महिन्यातले कुठलेही दहा अलर्ट घ्या. प्रत्येकाच्या मागे जा: ही खूण कुणी, कधी, कशाच्या आधारे घातली? ज्यांचं उत्तर मिळतं ते एका बाजूला ठेवा, नाही मिळत ते दुसऱ्या. आणि ते बाजूला ठेवून झालं की तुमच्या सीनिअरना विचारा, भांडाराला त्यांनी शेवटची दुरुस्ती कधी पाठवली होती. बहुधा ते थोडे ओशाळतील. मीही ओशाळले असते. माझी शेवटची दुरुस्ती चार महिन्यांपूर्वीची आहे, आणि अजून दोन माझ्या वहीत लिहून पडल्या आहेत.